दरोड्याचे जुने दप्तर कोणाच्या मालकीचे ?

“तीस वर्षांपूर्वीचा दरोडा आता कशाला उकरून काढता ?” जुने कागद मागण्यास पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसास हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. कधी तो ठाण्यातील कारकून विचारतो, कधी गावचा पुढारी विचारतो आणि दुर्दैवाने कधी घरातीलच वडीलधारे विचारतात. प्रश्न मोठा समंजसपणाचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात लबाडी आहे. ज्यांचे घर लुटले गेले त्यांना “विसरा” म्हणून सांगणारे हेच लोक, ज्यांच्यावर त्या लुटीचा आळ आला त्यांना मात्र तो जन्मभर विसरू देत नाहीत. लुटल्या गेलेल्याने विसरावे आणि संशयिताने नातवंडांपर्यंत लक्षात ठेवावे, हा कोठला न्याय ? आमचे स्पष्ट म्हणणे असे की, त्या दरोड्याचा कागद ज्याच्या घराशी वा नावाशी निगडित आहे, त्याने तो मागितलाच पाहिजे.

त्या दप्तरात असते तरी काय ? फिर्याद असते, जागेचा पंचनामा असतो, साक्षीदारांच्या जबान्या असतात, मिळालेल्या मुद्देमालाची यादी असते. खटला उभा राहिला नसेल तर पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठविलेला अखेरचा अहवाल असतो. महाराष्ट्रात त्यास ‘समरी’ म्हणतात. गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडला नाही, तर ‘अ’ समरी; फिर्यादच खोटी, तर ‘ब’ समरी; खरीही नव्हे, खोटीही नव्हे, गैरसमजाची, तर ‘क’ समरी. आता विचार करा. आपल्या आजीच्या अंगावरील दागिने गेले, आजोबांनी फिर्याद दिली, पुढे काही घडले नाही, एवढेच घरात ठाऊक असते. परंतु सरकारदरबारी आपले आजोबा ‘लुटला गेलेला गृहस्थ’ म्हणून नोंदले गेले की ‘खोटारडा’ म्हणून, हे किती घरांना ठाऊक आहे ? जो आपल्या घरावरचा शेरा वाचीत नाही, तो दुसऱ्याच्या लेखणीने लिहिलेले नशीब मुकाट्याने भोगतो.

जुन्या कागदाचे मोल किती, हे पाहावयाचे असेल तर 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल प्रत्येकाने समजून घ्यावा. जून 2003 मध्ये महाराष्ट्रात एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जीव गेले. भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना आरोपी करण्यात आले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 साली सहाही जणांना फाशी सुनावली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांची फाशी कायम केली. पुढे फेरविचार झाला आणि त्याच न्यायालयास आढळले की, घटनेनंतर दोनच दिवसांनी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या दप्तरातील छायाचित्रे पाहून चार निराळ्याच इसमांना ओळखले होते ! ती नोंद दप्तरातच होती. पण त्या चौघांवर खटला भरला गेला नाही. सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकास 5 लाख रुपये देण्याचा आदेश झाला, पण तुरुंगात गेलेली सुमारे 16 वर्षे कोणता खजिना परत देणार ? सत्य कागदावर होते, आणि कागद ज्यांच्या हाती होता त्यांनी ते सत्य दडपले.

हा दोष एखाद्या अंमलदारापुरता आहे असे मानणारे भोळे आहेत. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मास येणाऱ्या मुलाचे नाव त्याने पाप करण्यापूर्वीच संशयिताच्या वहीत घातले. तो कायदा ऑगस्ट 1952 मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि माणसे तीच राहिली. तुरुंगातील नोंदवह्यांमधील जातीचा रकाना काढून टाका, हे सर्वोच्च न्यायालयास 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगावे लागले. कायदा मेला तरी त्याची वही पन्नास-पन्नास वर्षे जगते, हा याचा अर्थ.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना आमचे विशेष सांगणे आहे. आपण धम्म स्वीकारला, जुन्या जातीचे ओझे टाकले. पण पोलीस ठाण्यातील वहीस दीक्षा दिली गेलेली नाही. तेथे आपले वडील जुन्या जातीच्या नावानेच उभे आहेत, कदाचित संशयित म्हणूनही. ती वही आपोआप शुद्ध होईल, या भ्रमात राहू नये.

“हे गोपनीय आहे” असे उत्तर मिळाल्यास घाबरू नये. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(3) सांगते की, अर्जाच्या दिनांकापूर्वी 20 वर्षे घडलेल्या घटनेची माहिती दिली पाहिजे. राष्ट्राची सुरक्षितता व तत्सम हित, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद, या तीन कारणांखेरीज नकाराची इतर कारणे तेथे टिकत नाहीत. तपासात अडथळा येईल ही सबबही मग उरत नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. उत्तर 30 दिवसांत मिळाले पाहिजे; न मिळाल्यास अपील करावे, आणि तेथेही दाद न लागल्यास 90 दिवसांत माहिती आयोगाकडे जावे. अर्जात ठाण्याचे नाव, साल, फिर्यादीचे नाव आणि गुन्हा क्रमांक ठाऊक असल्यास तो लिहावा. हवे असलेले कागद एकेक करून मागावेत. “सर्व माहिती द्या” असे मोघम लिहू नये. ठाण्यात कागद नसला तरी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात समरीचा आदेश वा निकाल असू शकतो. त्याची नक्कल तेथे मागावी.

“कागद सापडत नाही” हे दुसरे ठराविक उत्तर. जुने कागद नियमाने नष्ट होतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु नष्ट केल्याचीही नोंद ठेवावी लागते. कोणत्या दिवशी, कोणाच्या हुकुमाने नष्ट केले, त्या नोंदीची नक्कल मागावी. तीही नसेल तर कागद नष्ट झाला नसून गहाळ झाला आहे, आणि गहाळ होणे हे माहिती नाकारण्याचे कारण कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 सालीच बजावले आहे की, अशा वेळी कसून शोध घ्यावा आणि जबाबदारी निश्चित करावी.

बंधुभगिनींनो, जुना कागद मिळाल्याने गेलेले दागिने परत येतील, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु आपले आजोबा खोटे बोलले नव्हते, किंवा आपल्या वडिलांचे नाव कोणत्याही पुराव्यावाचून संशयितांत घातले गेले होते, हे सही-शिक्क्यानिशी हाती येणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या घरात मूल लिहावाचावयास शिकले आहे, त्या घराने आपल्याविषयी लिहिलेले वाचलेच पाहिजे. अर्ज लिहा, पोच घ्या, तारीख लक्षात ठेवा, आणि “कशाला उकरता ?” असे विचारणाऱ्यास विचारा : पुरले कोणी होते ?