आधी डोळा, मग कॅमेरा

मालवणच्या बंदरावर संध्याकाळी उभे राहिले म्हणजे समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. कुरटे बेटावरील या किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ साली आरंभिले. सहलीस आलेली मुले मावळतीच्या वेळी त्याची भराभर छायाचित्रे घेतात आणि मागाहून ती पाहताना हिरमुसतात. कारण आकाश तेवढे तांबडेलाल उतरलेले असते, किल्ला मात्र कोळशासारखा काळा! मग कॅमेऱ्यास दोष दिला जातो. त्या बिचाऱ्याचा यात काही अपराध नाही. सूर्य किल्ल्याच्या मागे होता, त्यामुळे पाहणाऱ्याकडचा तट सावलीत होता. ज्याला तटाचे दगड आणि बुरुजांची वळणे हवी असतील, त्याने सकाळी यावे. तेव्हा ऊन पाहणाऱ्याच्या पाठीकडून येऊन तटावर पडते. ज्याला किल्ल्याची नुसती आकृती हवी असेल, त्याने संध्याकाळी खुशाल यावे. परंतु काय हवे, ते बटण दाबण्यापूर्वी ठरले पाहिजे.

हे ठरविण्याची सवय हल्ली सुटत चालली आहे. फिल्मच्या एका गुंडाळीवर फार तर छत्तीस छायाचित्रे निघत, म्हणून माणूस प्रत्येक वेळी थबकत असे. आता मोबाईलमध्ये हजारो मावतात. सोय मोठी खरी. पण डोळ्याने पाहण्याआधीच बोट पडते, हे तिचे नुकसानही तेवढेच मोठे आहे.

याच जिल्ह्याच्या उत्तर भागात विजयदुर्ग आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तेथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. ते टिपण्यासाठी नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ कॅमेरे आणि दुर्बिणी घेऊन किल्ल्यावर आले. सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता तो जेमतेम दोन मिनिटे. त्या काळी छायाचित्र काचेवर घेत. हात चुकला, काच सरकवण्यास उशीर झाला, की संधी गेलीच. म्हणून ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना कामे वाटून देऊन आधी कित्येक दिवस तालमी घेण्यात आल्या. दोन मिनिटांसाठी एवढा खटाटोप! हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे पुष्कळदा सांगतात. पण त्याची रेषा सूर्यप्रकाशात दिसली ती १८६८ साली, आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गाची खरी गोष्ट त्या तालमींची आहे, आणि ती काही कमी नवलाची नाही.

रात्रीच्या दिव्यांसही अशीच तयारी लागते. अंधार पडल्यावर काही हौशी लोक किनाऱ्यावरून किल्ल्याकडे रोखून फ्लॅश उडवितात. त्या फ्लॅशचा उजेड चार-सहा पावलांपलीकडे फारसा पोचत नाही, आणि किल्ला तर सुमारे अर्धा किलोमीटर दूर! रात्री कॅमेऱ्याची झडप काही सेकंद उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात हात किंचित हलला, तरी दिव्यांच्या रेघोट्या होतात. म्हणून कॅमेरा तिकाटण्यावर, नाहीतर एखाद्या चिऱ्याच्या गडग्यावर टेकवावा. एवढे करूनही लाटांवर डुलणाऱ्या होड्यांचे दिवे वेडेवाकडे उमटतात. त्यांना तसेच उमटू द्यावे, समुद्र हलतो हे त्यांतूनच कळते. सर्वांत उत्तम वेळ सूर्यास्तानंतरची. दिवे लागलेले असतात, पण आकाशाचा निळा रंग अजून विझलेला नसतो.

घरच्या माणसांची छायाचित्रे सोपी वाटतात. वस्तुतः तीच अधिक बिघडतात. गणेशचतुर्थीला मुंबईचे चाकरमानी गावी आले, की सगळ्यांना भर दुपारी खळ्यात ओळीने उभे करतात. ऊन डोक्यावर असते. डोळ्यांखाली सावल्या पडतात, आणि कपाळाला आठ्या. तीच माणसे पडवीत आणली, तर कौलांच्या सावलीतला मऊ उजेड चेहऱ्यांवर सारखा पसरतो. शिवाय या ओळीत दोन माणसे नेहमी नसतात. एक छायाचित्र घेणारा आणि दुसरी आजी, कारण ती स्वयंपाकघरात मोदक वळत असते. दहा ओळींच्या छायाचित्रांपेक्षा खिडकीशी बसून मोदकाला पाकळ्या पाडणाऱ्या आजीचे एकच घ्यावे. उजेड बाजूने येऊ द्यावा. तिला आधी विचारावे, पदर सारखा करण्यास वेळ द्यावा, आणि ती पुन्हा कामात रमेपर्यंत थांबावे.

मग ते छायाचित्र छापून घ्यावे आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहावे. त्याच वेळी भिंतीवरची जुनी छायाचित्रेही खाली काढून आजीपुढे ठेवावीत. त्यांतील उजवीकडून तिसरी बाई कोण, हे घरात आता तिलाच ठाऊक असते.