पत्रीचा हिशेब

भाद्रपद चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुण्यात मंडईच्या परिसरात पत्रीचे वाटे लागतात आणि कसबा पेठेतली घरे तिथूनच पूजेची जुडी आणतात. ती जुडी एकदा सोडून पाहावी. दूर्वा, आघाडा, रुई, बेल ओळखू येतात. बाकी हाताला लागेल तो पाला. गुरुजी एकवीस नावे म्हणतात, यजमान हाती येईल ते पान वाहतात आणि नसेल तिथे अक्षतांवर भागते. देव भावाचा भुकेला, हे खरेच. पण ज्या समाजाला आपल्याच पूजेतली निम्मी झाडे ओळखता येत नाहीत, तो देशी वनस्पती वाचवणार कशाच्या बळावर?

पत्रीची यादी नीट वाचली तर तिच्यात परिसराचा नकाशा दिसतो. माका ओलीला, पाण्याच्या काठी उगवतो. आघाडा आणि डोरली पडीक रानातली, बांधावरची. अर्जुन ओढ्याकाठचा, शमी कोरड्या माळावरची. विष्णुक्रांता मुरमाड टेकडीवर जमिनीला बिलगून वाढते. तिचे निळे फूल नखापेक्षा मोठे नसते. देवदार तेवढा हिमालयातला. बाकी बहुतेक सारे मुठेकाठच्या जुन्या कसब्याला पायी जाऊन आणता येईल असे. यादी करणाऱ्याने राजवृक्ष आणि तण एकाच पंगतीला बसवले, हे विशेष.

कसबा ही पुण्याची मूळ वस्ती. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे बेचिराख केले आणि गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजीसह येऊन हे गाव पुन्हा वसवले. गणपतीचे देऊळ त्यांनी उभारले आणि सोन्याचा नांगर फिरवून जमीन पुन्हा लागवडीला आणली, असे परंपरा सांगते. उजाड जमिनीवर विश्वास बसवणे, ही शिवाजीच्या राज्याची पहिली पायरी होती.

त्या राज्यनीतीचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त १७१५च्या सुमारास लिहिले गेले. आरमाराला लाकूड लागते, तरी आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, असा त्यातला आशय. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर मालकाला राजी करून, मोल देऊन तोडावे. १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिचा भर पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर होता. अमात्यांनी त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे आणखी एक अट घातली होती: आज ज्याचे झाड आहे, त्याची संमती.

म्हणून लगेच पूर्वजांचे गोडवे गायला नकोत. १७३० साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून. १८२८च्या आगीत त्यातले बहुतेक लाकूड जळून गेले. वाडा संस्कृतीची ही किंमत डोंगरांनी मोजली. नियम लिहावा लागतो, तो मोडणारे असतात म्हणूनच.

इंग्रजी अमदानीत पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश रचला. १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ अभ्यासकांना आजही लागतो. इकडे रस्त्यांवर मात्र मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष सावली धरू लागले. पुढे टेकड्या झटपट हिरव्या करण्यासाठी मध्य अमेरिकेतली ग्लिरिसिडिया, म्हणजे आपली उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लावली गेली. झाडांचा आकडा वाढला. पण त्या दाट सावलीखाली विष्णुक्रांतेसारख्या उन्हाच्या सोबतिणींना जागा उरली नाही. जुन्नरजवळ सापडलेली शिंदळ माकुडी महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही आढळत नाही. उघड्या कड्यांवर जगणाऱ्या अशा झुडपाला वृक्षारोपणाचा काय उपयोग? त्याचा कडा राखावा लागतो.

राखणे म्हणजे काय, हे देवरायांनी दाखवले आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया धुंडाळून त्यांचे महत्त्व शास्त्रीय जगापुढे मांडले. देवराईचे बळ बंधनात होते: इथली फांदी तोडायची नाही, काही ठिकाणी तर पडलेली काटकीही न्यायची नाही. आपल्या शहरी पूजेने घेण्याचा विधी जपला आणि थांबण्याचा नियम मागेच ठेवला. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आपटा मिळाला नाही तर कांचन सोने म्हणून खपतो. नवा आपटा मात्र क्वचितच कोणी लावतो.

यावर पत्री विकणाऱ्या बायकांना हुसकावणे हा उपाय नव्हे. त्यांच्या दोन दिवसांच्या कमाईवर घाला घालून पर्यावरण वाचत नसते. रानातून ओरबाडलेल्या जुडीऐवजी शेताच्या बांधावर लावलेली पत्री त्यांच्याकडून दोन पैसे जास्त देऊन घ्यावी. मंडळांनी तशी आगाऊ मागणी नोंदवली, तर लावणारे पुढे येतील. सजावटीचा खर्च पाहता ही रक्कम किरकोळ आहे.

खरी परीक्षा नदीकाठी आहे. मुळा-मुठेच्या काठांवर सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा सुधार प्रकल्प आखला गेला आहे. काठ म्हणजे बांधीव पायवाट आणि हिरवळीचा गालिचा, एवढीच कल्पना असेल तर माक्याला आणि वाळुंजाला तिथे थारा नाही. महापालिकेने लागवडीच्या निविदेत झाडांच्या संख्येबरोबर जातींची नावेही लिहावीत: काठाला वाळुंज, करंज, उंबर, अर्जुन, टेकडीच्या उतारावर गवत तसेच राखावे. ठेकेदाराचे पैसे रोप लावल्यावर नव्हे, ते जगल्यावर चुकते करावेत. आणि जिथे आपोआप उगवलेला देशी पाला आहे, तिथे काहीच लावू नये. हे शेवटचे कलम सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच अमलात यायला सर्वांत अवघड. कारण न केलेल्या कामाचे उद्घाटन करता येत नाही.