फांदीवर करवत चालवण्यापूर्वी वर पाहा!
पनवेलकरांना तातडीचे आवाहन



पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी तोंडावर आली आहे. रस्त्याकडेच्या आणि सोसायट्यांच्या आवारातल्या वाळक्या फांद्यांवर आता करवत चालेल. त्यातल्या काही फांद्यांच्या पोटात या घडीला तांबट पक्ष्याची अंडी किंवा पिल्ले आहेत. त्यांना वाचवणे आपल्या हातात आहे.

भर उन्हात तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा 'टुक्, टुक्, टुक्' आवाज तुम्ही रोज ऐकता. तो या तांबटाचा. मैनेहून लहान, अंग हिरवे, कपाळावर आणि छातीवर लाल पट्टा, गळा आणि डोळ्यांभोवती पिवळा रंग, चोचीच्या मुळाशी राठ मिशा. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे मुख्य अन्न. फळांतल्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात आणि नवे वड-पिंपळ उगवतात. कर्नाळा अभयारण्यातले हरियाल, कुटुरगा आणि राखी धनेशही याच फळांवर जगतात. पण त्यांच्यासाठी 1968 पासून राखीव जंगल आहे. तांबट मात्र आपल्या गल्लीतल्या झाडांच्या भरवशावर राहतो.

तो काड्यांचे घरटे बांधत नाही. नर-मादी दोघे मिळून मऊ, वाळलेल्या लाकडात ढोली कोरतात, बहुधा आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला. विणीचा हंगाम साधारण जानेवारी ते जून. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत दीड-दोन महिने जातात. एरवीही तो रात्री ढोलीतच झोपतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळसारखे पक्षी संसार थाटतात. आपण जिला निरुपयोगी समजतो, ती वाळकी फांदी म्हणजे त्याचे घर आहे.

म्हणून कळकळीची विनंती :

• छाटणीआधी पंधरा-वीस मिनिटे झाडाखाली थांबा. फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक, जमिनीवर ताजा भुसा, चोचीत फळ घेऊन सारखा येणारा पक्षी, यांपैकी काहीही दिसले तर काम थांबवा.
• फांदी खरोखरच धोकादायक असेल तर टोकाकडचा भार उतरवा. ढोली असलेला बुंध्याकडचा भाग पावसाळा संपेपर्यंत राखा.
• सोसायट्यांनी नेहमीची छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकावी. महापालिकेनेही तेच वेळापत्रक ठरवावे, अशी लेखी मागणी प्रत्येक प्रभागातून जाऊ द्या.
• 1975 च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तोड दिसली की परवानगीपत्र मागा. वन्य पक्ष्यांच्या घरट्याला, अंड्यांना इजा करणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.
• पिल्लू खाली पडले तर घरी पाळू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.
• अंगणात, मोकळ्या भूखंडावर उंबर, वड लावा.

शहर वाढते आहे, रस्ते रुंद होत आहेत, विमानतळ आला आहे. या वाढीत जुनी झाडे भराभर जात आहेत. जी उरली आहेत, त्यांच्यावरची ढोली वाचवायला पैसा लागत नाही, फक्त थोडा धीर लागतो. आजच आपल्या सोसायटीच्या सचिवांशी आणि छाटणीच्या ठेकेदाराशी बोला. उद्या करवत आल्यावर उशीर झालेला असेल.

आपले,
पनवेल परिसरातील पक्षीप्रेमी नागरिक