‘ते ठीक आहे, पण मूळच्या कुठल्या?’

साताऱ्यात भाड्यानं घर शोधत होते तेव्हाची गोष्ट. घर बघायला गेले, घरमालकीणबाईंनी दार उघडलं, चहा ठेवला आणि आपल्याकडे कुणीही विचारतं तसं विचारलं, “कुठल्या तुम्ही?” मी म्हटलं, “वाळवा तालुका, आष्ट्याजवळ.” काकूंचा चेहरा एकदम खुलला. त्यांचं आजोळ आष्ट्याचं निघालं. कृष्णाकाठची वांगी, ऊस, पूर आला की कोणता रस्ता आधी बंद होतो, अशा दहा मिनिटं गप्पा झाल्या. मग त्यांनी नाव विचारलं. मी ‘मुलाणी’ सांगितलं.

“हो का? मग मूळच्या कुठल्या?”

“तिथल्याच. आष्ट्याजवळच्या.”

“ते ठीक आहे हो, पण त्याच्या आधी? वाडवडील कुठून आले?”

मी पुन्हा गावाचं नाव सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, “मराठी मात्र अगदी आमच्यासारखं बोलता,” आणि थोड्या वेळानं चौथ्यांदा विचारलं, “म्हणजे विजापूरकडून वगैरे का?” दुसऱ्या दिवशी फोन आला की घर सध्या द्यायचं नाही असं ठरलंय.

काकू वाईट नव्हत्या. चहा प्रेमानं दिला होता. म्हणूनच हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. शिवी दिली असती तर सोपं होतं.

सातारा-सांगलीकडं ‘कुणाची तू? कुठल्या गावची?’ हे विचारणं म्हणजे माया आहे. एसटीत शेजारी बसलेली म्हातारी तिकीट काढायच्या आधी हे विचारते आणि पलूस येईपर्यंत आपला एखादा पाहुणा शोधून काढते. हा प्रश्न बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या म्हातारीला गावाचं नाव सांगितलं की तिचं समाधान होतं. काकूंना गाव कळलं होतं, त्यावर गप्पाही झाल्या होत्या. नाव कळल्यावर तेच उत्तर अपुरं ठरलं. पहिला प्रश्न ओळख काढण्यासाठी होता. दुसऱ्यापासून पुढचे प्रश्न मी दिलेली ओळख नाकारण्यासाठी होते, विचारणाऱ्याला ते जाणवत असो वा नसो.

29 नोव्हेंबर 2022 रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात एका समारंभात हेच घडलं. लेडी सुझन हसी या राजघराण्यातल्या जुन्या मानकरी बाईंनी एन्गोझी फुलानी या कृष्णवर्णीय ब्रिटिश कार्यकर्तीला ती कुठली हे पुन्हा पुन्हा विचारलं. इंग्लंडचीच, हे उत्तर त्यांना पुरेना. प्रकरण बाहेर आलं, हसीबाईंनी माफी मागितली आणि पद सोडलं. तिथं मोठा वाद झाला: म्हाताऱ्या बाईंचं निरागस कुतूहल की वंशवाद? मी ते वाचत होते आणि मला साताऱ्याच्या काकू दिसत होत्या.

आपल्याकडे यावर लगेच एक आक्षेप येतो. इथले हिंदू आणि मुसलमान दिसायला एक, बोलायला एक, मग वंशवाद कसला? आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. आमचा वंश वेगळा नाहीच. गावगाड्याच्या बलुतेदारांत मुलाणा होता; माझं आडनाव तिथून आलंय, विजापूरहून नाही. शिकलगार, बागवान, आतार, तांबोळी, पिंजारी ही कामाची नावं आहेत. माझे एक मामा पाटील आहेत. त्यांना हा प्रश्न फक्त पहिलं नाव कळल्यावर येतो. म्हणजे धर्म कळला की वंश शोधायला सुरुवात होते. जो वेगळा वंश नव्हता तो या प्रश्नानंच उभा केला जातो. आंतरराष्ट्रीय पातळीवर 1965 साली वंशभेदाविरुद्ध जो करार झाला, त्याच्या व्याख्येत कातडीच्या रंगाबरोबर कूळ आणि राष्ट्रीय मूळही घातलं आहे. भारतानं तो 1968 मध्ये मान्य केला. त्या व्याख्येत ‘मूळच्या कुठल्या’वरून घर नाकारणं चपखल बसतं. प्रश्न तेवढा विचारून घर दिलं असतं तर? तर मी त्याला भेदभाव म्हटलं नसतं, पण जुनी, न तपासलेली वंशवादी समजूत नक्कीच म्हटलं असतं.

मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार सतारी आणि तंबोरे बनवू लागले. सतारमेकर हे आडनावच तिथं झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतार आणि तंबोरा मिरजेचेच, याला सरकारी कागद आहे. बनवणाऱ्याला मात्र लोक अजून विचारतात, तुम्ही मूळचे कुठले?

आता थोडं घरचं. या प्रश्नाला आम्हीही खतपाणी घातलंय. माझे एक चुलते लग्नात हमखास सांगतात की आपलं घराणं बगदादहून आलं. विचारलं, कागद कुठाय, की विषय बिर्याणीवर जातो. बाहेरून आलो म्हटलं की थोर वाटतं, इथलेच म्हटलं की कुणाचे तरी बलुतेदार ठरतो, ही आमच्यातली उच्चनीच आहे. सोयरीक जमवताना बागवान का आतार हे आम्हीही तीन-तीनदा विचारतो, आणि उत्तर ऐकून आमच्याही घरातून दुसऱ्या दिवशी ‘सध्या विचार नाही’ असे फोन जातात. माझी एक दलित मैत्रीण म्हणाली, “तुला मूळ विचारतात, मला पूर्ण नाव विचारतात. चहा दोघींना मिळतो.”

10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जमावानं मशिदीवर हल्ला केला, त्यात एका तरुणाचा जीव गेला. काकूंचा प्रश्न आणि तो जमाव यांना मी एका तागडीत टाकत नाही. पण त्या आठवड्यात वडिलांनी मला फोन करून सांगितलं, “कुणी विचारलं कुठली, तर हसून सांगायचं. हुज्जत घालायची नाही.” सत्तरीच्या माणसाला लेकीला असं सांगावं लागलं. तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या कुतूहलाचा राहिला नाही.

वडिलांच्या ट्रंकेत तीन शाळा सोडल्याचे दाखले आहेत. आजोबांच्या दाखल्यावर जिल्हा सातारा. 1949 ला जिल्हा फुटला, म्हणून वडिलांच्या दाखल्यावर दक्षिण सातारा. 1960 मध्ये नाव बदललं, म्हणून माझ्यावर सांगली. तिघांचं गाव एक, घर एक. आमच्याकडे मूळ बदललं ते जिल्ह्याचं.

शेवटी घर मिळालं, गोडोलीत. मालक निवृत्त वायरमन. त्यांनी आधी नाव विचारलं, मग गाव. मी दोन्ही सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “वाळवा तालुका? मग ऊस किती एकर हाय?”