स्वच्छ किनारा, निर्जीव किनारा

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. सांडलेले तेल घालवण्यासाठी समुद्रात व किनाऱ्यावर सुमारे १०,००० टन प्रक्षालके फवारली गेली. ती तेलाहूनही विषारी निघाली. शेवाळ खाणारे ‘लिंपेट’ नावाचे शंखधारी प्राणी मेले आणि खडकांवर हिरवे शेवाळ माजले. फवारणी न झालेला किनारा २-३ वर्षांत सावरला; भरपूर फवारणी झालेल्या किनाऱ्याला १० ते १५ वर्षे लागली.

म्हणून तेल तसेच राहू द्यावे, असे नव्हे. परंतु विद्यार्थी मित्रांनो, सफाईचे यश किती तेल गेले एवढ्यावरून न मोजता किती जीव वाचले यावरूनही मोजले पाहिजे. रसायन फवारण्यापूर्वी तेथील सजीवांवर त्याचा काय परिणाम होतो, हे तपासलेच पाहिजे.