स्वाक्षरीचा अधिकार आणि मंत्र्याची सदसद्विवेकबुद्धी

जपानमध्ये न्यायालयाने सुनावलेली फाशीची शिक्षा केवळ निकालपत्राने अमलात येत नाही. तेथील फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४७५व्या कलमानुसार त्यासाठी न्यायमंत्र्याचा आदेश लागतो आणि आदेश निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत फाशी द्यावी लागते. परदेशी नागरिकांचा प्रवेश, वास्तव्य, निर्वासितांना मान्यता आणि हद्दपारी हा कारभारही याच मंत्र्याच्या खात्याकडे आहे. कोणी जगावे आणि कोणी देशात राहावे, हे दोन्ही प्रश्न एकाच मेजावर येतात. अशा मेजामागे वर्षभर बसलेल्या केइको चिबा यांच्या कारकिर्दीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुलेमुली आज न्यायालयांत, पोलीस ठाण्यांत, तहसील कचेऱ्यांत बसतात आणि आपल्या स्वाक्षरीने इतरांचे बरेवाईट करतात. म्हणून हा विषय दूरदेशीचा असला तरी परका नाही.

जपान हा बुद्धविचाराची दीर्घ परंपरा असलेला देश. इ. स. ८१८ मध्ये सागा सम्राटाच्या कारकिर्दीत देहदंड थांबला आणि ११५६ च्या यादवीपर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे, राजदरबाराने तो दिला नाही, असे तेथील इतिहास सांगतो. दूरच्या प्रांतांतही हाच नियम पाळला गेला काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु अशी प्रथा राजधानीत इतकी वर्षे टिकली, हेही लहान नव्हे. आधुनिक काळात १९९०-९१ मध्ये न्यायमंत्री झालेले मेगुमु सातो हे जोदो शिन्शू पंथाचे पुरोहित होते. त्यांनी एकाही आदेशावर स्वाक्षरी केली नाही. २००५ साली सेइकेन सुगिउरा यांनी मंत्रिपद स्वीकारताच आपण स्वाक्षरी करणार नाही असे पत्रकारांपुढे सांगितले आणि तासाभरात ते विधान मागे घेतले. तरीही पद सोडेपर्यंत त्यांनी स्वाक्षरी केली नाही ती नाहीच.

या दोघांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. सातो गेल्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९९३ च्या मार्चमध्ये, दुसऱ्या मंत्र्याने फाशी पुन्हा सुरू केली. सुगिउरा २००६ च्या सप्टेंबरमध्ये पायउतार झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला चौघांना फासावर चढवण्यात आले. एका माणसाचे शील त्याच्या खुर्चीबरोबरच निघून गेले. कायदा होता तिथेच राहिला. शीलवान अधिकारी मिळाला की समाज निश्चिंत होतो, ही आपल्याकडचीही जुनी सवय आहे. चांगला साहेब बदलून गेला की वस्तीवरचे रेशनसुद्धा बदलते, हे आपण पाहिलेले आहे.

चिबाताई (आम्ही त्यांना असे म्हटले तर तेथील लोक रागावणार नाहीत, अशी आशा आहे) व्यवसायाने वकील. देहदंडाच्या निर्मूलनासाठी काम करणाऱ्या संसद सदस्यांच्या मंडळात त्या अनेक वर्षे होत्या. सप्टेंबर २००९ मध्ये सत्तांतर होऊन त्या न्यायमंत्री झाल्या, तेव्हा सुधारणावाद्यांच्या अपेक्षा फार उंचावल्या. पोलीस चौकशीचे ध्वनिचित्रमुद्रण, स्वतंत्र मानवाधिकार आयोग, विवाहानंतर पतीपत्नींना आपापले आडनाव ठेवण्याची मुभा असे विषय त्यांनी हाती घेतले. यांपैकी बहुतेक आघाडीतील मित्रपक्षांच्या विरोधात आणि फायलींच्या ढिगाऱ्यात अडकून राहिले. चौकशीच्या मुद्रणाची सक्ती गंभीर गुन्ह्यांपुरती तेथे आली, ती थेट २०१९ साली.

एक काम मात्र त्यांच्या काळात तडीस गेले. खुनाच्या गुन्ह्यात खटला भरण्यासाठी जपानमध्ये कालमर्यादा होती. पूर्वी पंधरा वर्षांची, नंतर पंचवीस वर्षांची. ती उलटली की खुनी समोर येऊन उभा राहिला तरी कायद्याचे हात बांधलेले. मृतांच्या नातेवाइकांनी संघटित होऊन याविरुद्ध आवाज उठवला. २७ एप्रिल २०१० रोजी संसदेने देहदंडास पात्र अशा खुनाच्या गुन्ह्यांची कालमर्यादा रद्द केली आणि एरवी न होणारी गोष्ट म्हणजे कायदा त्याच दिवशी लागूही झाला. कारण कुराशिकी येथे १९९५ च्या एप्रिलमध्ये झालेल्या एका दांपत्याच्या खुनाची मुदत त्याच मध्यरात्री संपणार होती.

अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्यांना गुन्हेगाराविषयीच कळवळा असतो, बळीच्या घराविषयी नसतो, हा आक्षेप आपण नेहमी ऐकतो. त्यास हे उत्तर आहे. अंगुलिमालाची कथा आपल्या मुलांना पहिल्या वर्षीच सांगितली जाते. पण बहुधा ती राजा प्रसेनजिताने भिक्खू झालेल्या अंगुलिमालास वंदन केले, तेथे संपवली जाते. मूळ सुत्तात ती पुढे जाते. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर दगड, काठ्या पडतात. डोके फुटून, रक्तबंबाळ होऊन तो परत येतो आणि तथागत त्यास ते सहन करावयास सांगतात. ज्यांची माणसे मारली गेली, त्यांचे दुःख सुत्तकारांनी झाकून ठेवले नाही. न्याय मागण्याचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडा ठेवणे हे करुणेच्या विरुद्ध नाही, असे आमचे मत आहे. जुन्या पुराव्यांची विश्वासार्हता हा धोका आहेच. १९६६ साली अटक झालेल्या आणि फाशीच्या छायेत दशके काढलेल्या एका माजी मुष्टियोद्ध्याची सप्टेंबर २०२४ मध्ये निर्दोष मुक्तता झाली, आणि त्याच्याविरुद्धचे कपडे बनावट पुरावा होता असे न्यायालयाने म्हटले. कालमर्यादा नसणे आणि फाशी असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की हा धोका दुणावतो.

आता त्या जुलै महिन्याकडे येऊ. ११ जुलै २०१० च्या निवडणुकीत चिबा यांनी वरिष्ठ सभागृहातील आपली जागा गमावली. पंतप्रधानांनी त्यांना मंत्रिपदावर ठेवले. २८ जुलै रोजी, म्हणजे आधीच्या फाशीला बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, त्यांच्या आदेशाने टोकियोच्या तुरुंगात दोघांना फाशी देण्यात आली आणि आदेश देणाऱ्या मंत्री स्वतः तेथे उपस्थित राहिल्या. कोणा न्यायमंत्र्याने असे केल्याचे पूर्वीचे उदाहरण ज्ञात नाही. त्याच दिवशी त्यांनी देहदंडावर खात्यांतर्गत अभ्यासगट नेमला आणि वधकक्ष पत्रकारांना दाखवण्याचे जाहीर केले. २७ ऑगस्टला तो दाखवला गेला.

तेव्हा जपानी जनतेने प्रथमच ती जागा पाहिली. जमिनीवर लाल चौकोन, तो पायाखालचा सापळा. छताला कडी. शेजारच्या खोलीत भिंतीवर तीन कळी. तीन कर्मचारी त्या एकाच वेळी दाबतात आणि कोणाच्या दाबण्याने सापळा उघडला हे त्यांपैकी एकालाही कळू दिले जात नाही. जपानमध्ये कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात, कुटुंबाला नंतर. वधकक्षाआधीच्या खोलीत एक सोनेरी बुद्धमूर्ती आहे.

त्या मूर्तीपाशी आम्ही बराच काळ थांबलो. मरणाऱ्याला शेवटचा दिलासा मिळावा, हा हेतू असणार, आणि मरणाऱ्याचा तो हक्क आम्ही नाकारत नाही. पण मूर्ती ठेवणारे हात आणि कळ दाबणारे हात एकाच शासनाचे असतात, तेव्हा ती मूर्ती कैद्यासाठी आहे की कर्मचाऱ्यांसाठी, असा प्रश्न पडतो.

चिबा यांचे समर्थक म्हणतात की त्यांनी जाणूनबुजून मोठी किंमत मोजून चर्चेचे दार उघडले. त्या वर्षीच्या सरकारी पाहणीत ८५.६ टक्के लोकांनी देहदंडाच्या बाजूने कौल दिला होता. लोकांना जे दिसत नाही त्यावर ते कौल देतात, म्हणून दाखवणे आवश्यक होते. दाखवणे आवश्यक होते, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. किंमत मात्र मान्य नाही. वधकक्ष उघडण्याचा अधिकार मंत्र्याला होताच. त्यासाठी कोणास फासावर चढवण्याची गरज नव्हती. अभ्यासगटालाही नव्हती. दोन जीव ही त्या दाराची किल्ली नव्हती. ज्यांच्यावर आपण सत्ता चालवतो त्यांचा शेवट स्वतः पाहण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, ते आम्ही कमी लेखत नाही. परंतु साक्षीने स्वाक्षरी धुऊन निघत नाही.

पुढचा वृत्तांत थोडक्यात असा. २०११ साली जपानमध्ये एकही फाशी झाली नाही. एकोणीस वर्षांत प्रथमच. मार्च २०१२ मध्ये अभ्यासगटाने दोन्ही बाजूंची मते नोंदवून, कोणतीही शिफारस न करता, आपले काम संपवले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला तिघांना फाशी झाली.

आपले पहिले कायदेमंत्री, परमपूज्य बाबासाहेब, यांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत या विषयावर मत मांडले आहे. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपील असावे काय, अशी चर्चा चालू होती. देहदंडच रद्द करणे आपणास अधिक पसंत आहे, असे ते म्हणाले. या देशाने अहिंसा आचरणात सर्वत्र पाळली नसली तरी नैतिक आदेश म्हणून मानली आहे, हा त्यांचा आधार होता. संविधानात ते उतरले नाही. आज, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही देहदंड कायम आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला संविधानाची प्रत डोक्यावर घेऊन मिरवणूक काढणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ते भाषण ठाऊक आहे? संहितेचा मसुदा संसदेपुढे असताना आपल्या संस्थांनी या एका कलमाविषयी किती निवेदने पाठवली? हिंदू कोड बिल रखडले तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. चिबा यांना राजीनाम्याचा मार्ग मोकळा होता, हे म्हणताना आमच्या मनात ते उदाहरण असते.

चिबा यांच्या कारकिर्दीचा दुसरा भाग वृत्तपत्रांत फारसा आला नाही, पण आमच्या दृष्टीने तो तितकाच महत्त्वाचा आहे. जपानमध्ये वास्तव्याची मुदत संपलेल्या परदेशी माणसाला ताब्यात घेण्यासाठी न्यायाधीशाचा हुकूम लागत नाही; खात्याचे अधिकारीच तो काढतात. हद्दपारीच्या आदेशानंतर स्थानबद्धतेस ठरावीक मुदत नसते. चोराला जो न्यायाधीश भेटतो तो व्हिसा संपलेल्या मजुराला भेटत नाही. मार्च २०१० मध्ये घाना देशाचा एक माणूस हद्दपारीसाठी विमानात बसवला जात असताना अधिकाऱ्यांच्या ताब्यात मरण पावला. मे महिन्यात उशिकू येथील केंद्रात स्थानबद्धांनी अन्नत्याग केला. जुलैपासून या केंद्रांची पाहणी करणाऱ्या, बाहेरच्या व्यक्तींच्या समित्या सुरू झाल्या, आणि पद सोडण्यापूर्वी काही दिवस खाते व वकील महासंघ यांच्यात स्थानबद्धांच्या प्रश्नांवर संवादाचा करार झाला. निर्वासितांच्या बाबतीत प्रगती नाममात्र होती: २०१० मध्ये १,२०२ अर्ज आले आणि ३९ जणांना मान्यता मिळाली.

समित्या चांगल्या होत्या, पण सल्लागार होत्या. मार्च २०२१ मध्ये नागोयाच्या केंद्रात श्रीलंकेची ३३ वर्षांची तरुणी उपचारांविना खंगत मरण पावली. शिकण्यासाठी आलेली ही मुलगी जोडीदाराच्या मारहाणीमुळे पोलिसांकडे गेली आणि मुदत संपल्याचे आढळल्याने तेथूनच स्थानबद्ध झाली होती. २०२३ च्या दुरुस्तीनेही स्थानबद्धतेपूर्वी न्यायाधीशाची मंजुरी आवश्यक केली नाही. उलट तिसऱ्यांदा आश्रयाचा अर्ज करणाऱ्यास हद्दपार करण्याची वाट मोकळी केली.

हे वाचून जपानला नावे ठेवण्यापूर्वी नागपूर आठवावे. भदंत सुरई ससाई १९६० च्या दशकात जपानहून आले आणि दीक्षाभूमीच्या परिसरातलेच झाले. मुदत संपूनही राहिल्याबद्दल त्यांच्यावर हद्दपारीचे सावट आले, तेव्हा सामान्य माणसांनी, अंगठे उठवणाऱ्या म्हाताऱ्यांनीही, त्यांच्यासाठी सह्यांची मोहीम चालवली. १९८८ साली त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. भदंतांना ओळखणारी माणसे होती म्हणून ते घडले. त्यांच्याइतकाच निरुपद्रवी, पण कोणीच न ओळखणारा परदेशी माणूस आपल्याकडे पकडला गेला तर त्याच्यासाठी कोणता कायदा उभा राहील? १९५१ च्या निर्वासित करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. आश्रय मागणाऱ्याचे भवितव्य येथेही अधिकाऱ्याच्या मर्जीवरच आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे विधी शाखेत आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. दरवर्षी संविधान दिनाला शाळेत व्याख्यान होते आणि बहुधा तेच मुद्दे नव्याने सांगितले जातात. येत्या वर्षी ३ जून १९४९ चे ते भाषण मुलांसमोर संपूर्ण वाचावे, आणि देहदंडाच्या बाजूने बोलू इच्छिणाऱ्या मुलांनाही तितकाच वेळ द्यावा. ग्रंथालयात संविधान सभेच्या चर्चांचे खंड आहेत. ते काढून देण्याची व्यवस्था वसतिगृह समिती करील.