आश्रयाला उपासनेची अट नको

देहविक्रयाच्या बाजारातून सुटलेल्या स्त्रियांची आश्रयगृहे धर्मसंस्थांच्या हाती मुळीच असू नयेत, असे म्हणणारे नवी मुंबईतील सीवूड्सचा दाखला देतात. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील एका चर्चच्या विनापरवाना आश्रयगृहातून ४५ मुलांना सरकारी यंत्रणेने हलविले आणि मुलींवरील अत्याचाराचा गुन्हा नोंदला गेला. दाखला खरा आहे व संतापजनकही आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण कळंबोलीच्या गतिमंद मुलींच्या गृहाचा धर्मप्रसाराशी काडीचा संबंध नसताना, तेथील अत्याचारांबद्दलही २०१३ मध्ये न्यायालयाला शिक्षा ठोठवाव्या लागल्या. बाहेरची नजर आत पोहोचत नव्हती, हेच दोन्हीकडील अनर्थाचे मूळ.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत व त्यांनीच काढलेल्या शारदासदनातील काही मुली तेथे जाऊन बसत, यावरून १८९३ मध्ये ‘केसरी’ने रान उठविले, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाला खरे उत्तर दिले ते धोंडो केशव कर्वे यांनी : त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी त्याच वर्षी विवाह केला आणि १८९६ मध्ये स्वतःचा अनाथ बालिकाश्रम काढला. इकडे रमाबाईंनी, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी, केडगावला कृपासदन उभारले. स्त्रियांना बाजारातून सोडविणारी धाड एका रात्रीत पडते. पण झोपेतून किंचाळत उठणाऱ्या मुलीच्या उशाशी वर्षानुवर्षे बसण्याचे बळ ज्यांना श्रद्धेतून लाभते, त्यांना केवळ श्रद्धावंत म्हणून दूर सारणे हा अविचार होय.

तथापि ईश्वरसेवेला तपासणी कशाला, हा श्रद्धावंतांचा युक्तिवादही मला सर्वस्वी अमान्य आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ अन्वये दंडाधिकारी देहविक्रयातून सोडविलेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतो. आणि जिला फाटकाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही, तिने प्रार्थनेला दिलेला होकार हा होकार कसा मानावा? म्हणून ती प्रार्थनेला बसो वा न बसो, तिच्या ताटातली भाजी, शिवणयंत्रावरची पाळी आणि तिच्या नावचे बँकेचे पासबुक यांत तिळमात्र फरक पडता कामा नये. तिला यल्लम्माचा भंडारा कपाळी लावायचा असेल वा नमाज पढायची असेल, तर तेवढी जागा तिला मिळालीच पाहिजे. आणि महिला व बालविकास विभागाच्या अधिकाऱ्यांनी आगाऊ वर्दी न देता येऊन, संस्थाचालकांना बाहेर बसवून, बंगाली असो वा कानडी, तिच्याच बोलीत तिची विचारपूस केली पाहिजे. ज्या संस्थेला हे जाचक वाटेल तिचा परवाना रद्द करावा, जी हे पाळील तिचे अनुदान वेळेवर द्यावे, मग तिच्या दारावर क्रूस असो वा ओंकार.